गोंगाट शहराचा, वीज डोंगराची

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ऑगस्ट २०२२ पासून विजेची आपली संपूर्ण गरज हरित ऊर्जेतून भागवू लागला. त्या वेळी यातील सुमारे पाच टक्के वीज विमानतळाच्या आवारातील सौर पॅनेलांतून मिळत होती. उरलेली सुमारे ९५ टक्के जलविद्युत आणि पवनऊर्जेची, म्हणजे शहराबाहेरून आणलेली होती. त्याच वर्षी १ जूनपासून दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळही जलविद्युत आणि सौरऊर्जेवर चालू लागला. त्यासाठीची जलविद्युत हिमाचल प्रदेशातील डोंगरदऱ्यांतून येते.

ही वाटचाल स्वागतार्ह आहे. विमानतळासारखी अवाढव्य यंत्रणा कोळशाच्या विजेवरून दूर होत असेल तर तिचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र या यशाच्या हिशेबात दोन गोष्टींची नोंद सहसा होत नाही. पहिली गोष्ट आवाजाची. वीज स्वच्छ झाली म्हणून विमानाचा गडगडाट थांबत नाही. दुसरी गोष्ट विजेच्या उगमाची. शहराचे विमानतळ, पाणीपुरवठा केंद्रे आणि रेल्वे ज्या विजेवर चालतात ती वीज कुठल्या तरी डोंगरात, कुठल्या तरी जलाशयावर तयार होते आणि तेथेही माणसे राहतात.

या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करण्यासाठी पालघर जिल्ह्यासारखे दुसरे ठिकाण नाही. किनारपट्टीवर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याच परिसरात मुंबई महानगरासाठी तिसरा विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने मांडला आहे. विरार आणि बोईसर ही मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेची दोन स्थानके याच जिल्ह्यात आहेत. आणि जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत, जव्हार-मोखाड्याचा आदिवासी पट्टा आहे. पोशेरा हे याच मोखाडा तालुक्यातील गाव. वारली, कातकरी, कोकणा, म ठाकूर, महादेव कोळी या समाजांच्या वस्तीचा हा प्रदेश नाचणी, वरई आणि भातावर जगतो. पिके निघाली की अनेक कुटुंबे ठाणे, भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीला जातात. या तालुक्याच्या नशिबी विमानतळ आलेला नाही. मात्र महानगराचे पाणी येथूनच जाते आणि पुढे त्याची वीजही येथूनच जावी असा बेत आहे.

आवाज मोजायचा कसा?

आवाज डेसिबल या एककात मोजतात. हे मोजमाप वजनासारखे किंवा लांबीसारखे सरळ चढत नाही. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा केवळ ३ डेसिबलने वाढतो. दहापट झाली की १० डेसिबलने. त्यामुळे ५५ आणि ६५ यांतील फरक कागदावर किरकोळ दिसला तरी प्रत्यक्षात ऊर्जा दहापट आणि कानाला जाणवणारा आवाज साधारण दुप्पट झालेला असतो.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. विमानतळांसाठी मात्र जून २०१८ मध्ये स्वतंत्र मानके आली. वर्षाला ५० हजारांहून अधिक विमानांची ये-जा असणाऱ्या विमानतळांच्या परिसरात दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, तर इतर विमानतळांच्या परिसरात ६५ आणि ६० डेसिबल अशी ही मानके आहेत. प्रस्तावित विमानतळ या दुसऱ्या गटातून वगळलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचना याहून फार कडक आहेत. विमानांचा आवाज दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून सरासरी ४५ डेसिबलच्या आणि रात्री ४० डेसिबलच्या खाली असावा, अशी शिफारस त्यांत आहे. मोजणीच्या पद्धती भिन्न असल्याने या आकड्यांची तंतोतंत तुलना करता येत नाही, तरीही अंतर किती मोठे आहे याचा अंदाज येतो.

त्याहूनही मोठी मेख सरासरीत आहे. ही सारी मानके ठरावीक काळातील सरासरी ऊर्जेवर बेतलेली आहेत. समजा, एखाद्या गावात रात्रीच्या आठ तासांत सगळे मिळून एक मिनिटभर ९० डेसिबलचा आवाज झाला आणि उरलेली रात्र नि:शब्द गेली. त्या रात्रीची सरासरी निघते सुमारे ६३ डेसिबल. म्हणजे वर्दळीच्या विमानतळाच्या ६५ डेसिबलच्या मर्यादेत हे गाव सुखरूप बसते! पण ते एक मिनिट पाच-पाच सेकंदांच्या बारा आवाजांत विभागले गेले असेल तर त्या रात्री तान्हे मूल, आजारी माणूस आणि पहाटे कामाला निघणारा मजूर बारा वेळा दचकून उठलेला असतो. कागद शांत असतो आणि माणूस जागा असतो.

जेथे मुळात शांतता आहे तेथे ही विसंगती अधिक बोचते. मुंबईच्या हमरस्त्यावर एखादा मोठा आवाज गर्दीत विरून जातो. मोखाड्याच्या दरीत, जेथे रात्री रातकिडे आणि ओढ्याचे पाणी एवढेच ऐकू येते, तोच आवाज डोंगरावर आदळून परत येतो. डोंगराळ पाड्यांना म्हणूनच शहराच्या मोजपट्टीने मोजता येत नाही.

विजेवर चालणारा विमानतळ शांत का होतो?

आवाज आणि इंधन यांचे नाते जवळचे आहे. यंत्रात इंधन जळते तेव्हा धूर, उष्णता आणि आवाज ही तिन्ही एकदमच बाहेर पडतात. त्यामुळे इंधनाच्या जागी वीज आणली की अनेकदा एकाच उपायाने धूर आणि गोंगाट दोन्ही कमी होतात.

विमानतळावर याचे उत्तम उदाहरण म्हणजे विमानाच्या शेपटीतील सहायक इंजिन. विमान फलाटाला लागल्यावर मुख्य इंजिने बंद होतात. पण आतले दिवे, संगणक आणि वातानुकूलन चालू ठेवावे लागते. त्यासाठी हे छोटे टर्बाइन विमानाचेच इंधन जाळत कर्कश आवाजात फिरत राहते. विमानतळाने जमिनीवरूनच वीज आणि थंड हवा पुरविली तर ते बंद ठेवता येते. घरातली वीज ५० हर्ट्‌झची असते, विमानाला मात्र ४०० हर्ट्‌झची लागते. म्हणून फलाटाजवळ रूपांतरक बसवावे लागतात. ही वीज सौर किंवा जलविद्युत असेल तर धूर आणि आवाज दोन्ही मुळापासूनच थांबतात.

हाच न्याय सामान वाहणाऱ्या गाड्यांना, प्रवासी बसना आणि विमाने ओढणाऱ्या ट्रॅक्टरना लागू पडतो. दिल्लीत २०१९ मध्ये एअर इंडियाने प्रवाशांसह असलेले एअरबस विमान टॅक्सीबॉट या वाहनाने धावपट्टीकडे नेले. वैमानिकाच्या नियंत्रणाखाली चालणारे हे वाहन वापरले की धावपट्टीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत विमानाची इंजिने सुरू करण्याची गरज उरत नाही.

डिझेल जनरेटरचेही तसेच आहे. एक हजार केव्हीएपर्यंतच्या जनरेटरसाठी ध्वनिरोधक आवरणापासून एक मीटर अंतरावर ७५ डेसिबल ही कमाल मर्यादा नियमाने घातलेली आहे. बॅटरीचा साठा असेल तर जनरेटरच लागत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या ग्रामीण भागात एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या छपरावर सौर पॅनेल आणि आत बॅटरी असणे हे म्हणूनच ऊर्जेइतकेच रुग्णाच्या विश्रांतीचेही साधन आहे.

आकाशातला आवाज

जमिनीवरचा आवाज असा आटोक्यात येतो. उडणाऱ्या आणि उतरणाऱ्या विमानाचा आवाज मात्र विमानतळाची वीज कितीही स्वच्छ असली तरी तसाच राहतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००१ मध्ये यासाठी समतोल दृष्टिकोन स्वीकारला. त्याचे चार भाग आहेत. विमानेच कमी आवाजाची बनविणे, विमानतळाभोवतीच्या जमिनीच्या वापराचे नियोजन करणे, उड्डाण व उतरण्याच्या पद्धती सुधारणे आणि गरज पडल्यास वाहतुकीवर निर्बंध घालणे. पहिल्या भागात जगाने चांगली प्रगती केली आहे. २०१७ च्या अखेरीपासून नव्या रचनेच्या मोठ्या विमानांना आवाजाची अधिक कडक कसोटी पार करावी लागते. शेवटच्या भागाचे ठळक उदाहरण जर्मनीतील फ्रँकफर्टचे. तेथे २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत नियमित उड्डाणांना न्यायालयाने मनाई केली.

आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष दुसऱ्या भागाकडे, म्हणजे जमिनीच्या वापराकडे झाले. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने कुर्ला-घाटकोपरच्या दाट वस्तीवरून येतात. वस्ती आधी की विमानतळ आधी, या वादाला आता अर्थ उरलेला नाही. दोघांनाही हलविणे शक्य नाही. नवी मुंबईला हा धडा गिरविता आला असता. तेथील विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. सुमारे ४७ मेगावॉट सौरऊर्जा आणि शाश्वत विमान इंधनाच्या साठ्याची सोय ही या विमानतळाची वैशिष्ट्ये सांगितली गेली. पण त्यासाठी दहा गावे हलवावी लागली आणि त्याच वेळी उलवे-पनवेल परिसरात पहिले विमान उतरण्याआधीच उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. ऊर्जेचे नियोजन झाले. आवाजाच्या नियोजनाची संधी मात्र बांधकामांनी गिळली.

मध्य वैतरणेची वीज

आता विजेच्या उगमाकडे वळू. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणा नदीवर मुंबई महापालिकेने १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण बांधले. २०१४ मध्ये त्याला हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्यात आले. सुमारे १९ हजार ३५३ कोटी लिटर पाणी साठविणाऱ्या या धरणातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावे अशी योजना होती. याच धरणावर २० मेगावॉट जलविद्युत आणि जलाशयाच्या पृष्ठभागावर ८० मेगावॉट तरंगती सौरऊर्जा असा १०० मेगावॉटचा संकरित प्रकल्प उभारण्याचे महापालिकेने २०२१ मध्ये ठरविले.

या कल्पनेमागील विज्ञान भक्कम आहे. सौरऊर्जा दिवसाच मिळते, तर धरणातील पाण्याचे दार संध्याकाळीही उघडता येते. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन कमी असते, पण पाणी मुबलक असते, उन्हाळ्यात उलट. दोन्ही स्रोत एकमेकांची उणीव भरून काढतात. शिवाय वीज निर्माण करून पाणी खर्च होत नाही. टर्बाइन फिरवून ते नदीतून पुढे मोडक सागरात जाते आणि तेथून मुंबईला. अप्पर वैतरणा धरणाशी जोडलेले ६० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून याच तत्त्वावर चालत आले आहे. पाण्यावरील पॅनेल थंड राहतात, त्यामुळे त्यांची कार्यक्षमता थोडी वाढते. पॅनेलांच्या सावलीने बाष्पीभवनही कमी होते. तेलंगणातील रामगुंडम येथे एनटीपीसीचा १०० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प जुलै २०२२ पासून पूर्ण क्षमतेने सुरू झाला. त्याने जलाशयाची सुमारे ५०० एकर जागा व्यापली आहे. त्या प्रमाणात ८० मेगावॉटला सुमारे ४०० एकर पाणी लागेल. आणि अशा प्रकल्पाला आवाज जवळजवळ नसतो. रूपांतरकांची मंद घरघर सोडली तर पॅनेल मुकाट काम करतात.

आवाज नाही, धूर नाही आणि नवीन जमीनही नाही. मग अडचण कोठे आहे?

अडचण वाटणीची आहे. मुंबईची तहान भागविणाऱ्या जलाशयांच्या शेजारी असलेल्या मोखाडा तालुक्यात उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, ही विसंगती वर्षानुवर्षे बातम्यांचा विषय आहे. उद्या तेथून स्वच्छ वीजही शहराकडे गेली आणि पाड्यावरचा दिवा मात्र पहिल्या वादळात विझत राहिला, तर पाण्याचीच कहाणी विजेच्या रूपाने पुन्हा घडेल. जलाशयाचे शेकडो एकर पाणी पॅनेलांखाली गेल्यावर काठावरच्या गावांनी मासेमारी कोठे करायची, होडीने पलीकडे कसे जायचे, हेही आधीच ठरले पाहिजे.

यात कायद्याची एक बारीक फट आहे. २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेखाली २५ मेगावॉटपेक्षा कमी क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागत नाही आणि सौर प्रकल्पांनाही तीतून सूट आहे. म्हणजे २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट सौर, दोन्ही घटक या अधिसूचनेच्या जनसुनावणीबाहेर राहतात. प्रदूषण कमी म्हणून ही सूट समजण्यासारखी आहे. परंतु जनसुनावणी ही प्रदूषणाइतकीच लोकांच्या हक्कांसाठीही असते. सुदैवाने मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखाली महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेले नियम यांमुळे येथील ग्रामसभांना भूसंपादन, पाणी आणि वनोपज यांबाबत बोलण्याचा अधिकार आहे. त्याचा वापर करणे आणि करू देणे, एवढेच बाकी आहे.

आवाज अडविणारी भिंत वीज देऊ शकते

जिल्ह्याच्या पश्चिमेला आवाजाचा प्रश्न वेगळ्या रूपात येणार आहे. अतिजलद रेल्वेच्या उन्नत मार्गाच्या दोन्ही बाजूंना रुळाच्या पातळीपासून दोन मीटर उंचीच्या काँक्रीटच्या ध्वनिरोधक भिंती बसविल्या जात आहेत. निवासी भागात त्यांची उंची तीन मीटर ठेवण्याचे ठरले आहे. चाक आणि रूळ यांच्या घर्षणाचा आवाज अशी भिंत चांगला अडविते. गाडीच्या छपरावरून निघणारा आणि वाऱ्याच्या झोताने होणारा आवाज मात्र काही प्रमाणात वरून निसटतो, कारण ध्वनिलहरी भिंतीच्या कडेवरून वाकून पुढे जातात. खोल, घुमणारे आवाज अधिक वाकतात.

अशा भिंतींवर वीजही निर्माण करता येते. स्वित्झर्लंडमध्ये १९८९ साली महामार्गालगतच्या ध्वनिरोधक भिंतीवर सौर पॅनेल बसविण्यात आले आणि ही कल्पना प्रत्यक्षात आली. पालघरमध्ये रेल्वेमार्ग साधारण दक्षिणोत्तर जातो. म्हणजे त्याच्या भिंतींची एक बाजू सकाळचे आणि दुसरी दुपारनंतरचे ऊन झेलते. उभ्या पॅनेलांना कलत्या पॅनेलांपेक्षा एकूण वीज कमी मिळत असली तरी ती सकाळ-संध्याकाळच्या मागणीच्या वेळी मिळते. पॅनेलांचे वजन, वाऱ्याचा दाब आणि देखभाल यांचा अभ्यास लागेल. पण त्यासाठी एक गुंठाही नवी जमीन लागणार नाही.

जमिनीचा दुहेरी वापर भारतातही सिद्ध झाला आहे. केरळमधील कोची विमानतळ १८ ऑगस्ट २०१५ रोजी १२ मेगावॉटच्या प्रकल्पासह जगातील पहिला पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा विमानतळ ठरला आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण पुरस्काराचा मानकरीही झाला. तेथील पॅनेलांखाली भाजीपाला पिकविला जातो. शेतजमीन तुटपुंजी असलेल्या जव्हार-मोखाड्यासाठी सौरऊर्जेचा विचार करताना हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आधी नोंद, मग प्रकल्प

पालघरला एक मोठी अनुकूलता आहे. येथील मोठे प्रकल्प अजून बांधले जात आहेत किंवा कागदावर आहेत. मुंबईला जे करता आले नाही ते येथे वेळेत करता येईल.

पहिली गरज आवाजाच्या मूळ नोंदीची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये सुरू केलेले ध्वनिमापनाचे राष्ट्रीय जाळे सात महानगरांसाठी उभारले गेले. किनारपट्टीवरील गावांत आणि डोंगरातील पाड्यांत आज रात्री किती आवाज आहे हे आधी मोजून ठेवले नाही, तर उद्या तो किती वाढला हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. शांततेचा पुरावा शांतता असतानाच गोळा करावा लागतो. दुसरी गरज सरासरीबरोबर घटना मोजण्याची. रात्री ठरावीक पातळीच्या वर किती आवाज झाले, हा आकडा सामान्य माणसालाही समजतो. तिसरी, विमानतळाची जागा पक्की होताच उड्डाणमार्गाखालील जमिनीचा वापर ठरवून देण्याची. बांधकामे झाल्यावर हाती फक्त खिडक्यांना जाड काचा लावणे उरते.

चौथी गरज सर्वांत साधी आहे. ज्या तालुक्यातून वीज जाईल त्या तालुक्यातील आरोग्य केंद्रे, आश्रमशाळा आणि पाणीयोजना यांच्या अखंड विजेची हमी त्या प्रकल्पाच्या करारातच लिहिलेली असावी. शंभर मेगावॉटमधून त्यासाठी लागणारा वाटा नगण्य आहे. विमानतळ, बंदर आणि महापालिका हरित ऊर्जेचा दाखला मिरवितात तेव्हा त्या दाखल्यावर विजेची टक्केवारी असते. ती वीज जेथून आली तेथील पोशेऱ्यासारख्या गावांत रात्री दिवा टिकतो की नाही आणि झोप शाबूत राहते की नाही, याचीही नोंद त्याच दाखल्यावर झाली पाहिजे.